विहिरीचे पाणी नितळ आहे; पण ते निर्धोक आहे काय?

लोणी या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. पुण्याजवळचे लोणी काळभोर सर्वांस ठाऊक आहे, तसेच राहाता तालुक्यातील, प्रवरा परिसरातील लोणीही. येथे आम्ही ज्या लोणीचा विचार करणार आहोत ते पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील, धामणीच्या शेजारचे लोणी होय. या तालुक्याचे पश्चिम टोक भीमाशंकरच्या डोंगरांत आहे. तेथे पाऊस धो धो कोसळतो, घोड नदी उगम पावते आणि डिंभे येथे तिच्यावर बांधलेल्या धरणाचा हुतात्मा बाबू गेनू सागर जलाशय भरतो. पूर्वेकडे सरकू लागले की पाऊस झपाट्याने कमी होत जातो. लोणी-धामणीचा परिसर पर्जन्यछायेत येतो. येथील शेतकऱ्याचे जीवन ज्या एका गोष्टीभोवती फिरते ती म्हणजे त्याची विहीर. पीक तिच्यावर, जनावरे तिच्यावर आणि मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांचा पिण्याचा हंडाही तिच्यावरच.

विहिरीला पाणी किती आहे, याची चौकशी आपण नित्य करतो. उन्हाळ्यात दोर सोडून पाहतो, पंप किती वेळ चालतो ते मोजतो. परंतु ते पाणी कसे आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. 'आमच्या आजोबांपासून हेच पाणी पीत आलो, कोणाला काही झाले नाही,' असे उत्तर बहुतेक घरांतून मिळते. ही श्रद्धा समजण्यासारखी आहे; मात्र आजोबांच्या काळी विहिरीच्या आसपास जे नव्हते ते आज आहे. शौचालयांचे खड्डे आले, युरियाच्या गोणी आल्या, कीटकनाशकांच्या फवारण्या आल्या, ठिबक संचातून खते सोडणे आले. विहीर तीच राहिली, पण तिच्यात झिरपणारे पाणी बदलले. म्हणूनच खासगी विहिरीच्या पाण्याची तपासणी का, केव्हा व कशी करावी, हे या लेखात सविस्तर पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

खासगी विहीर कोणाच्या नजरेत असते?

ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक विहिरी, टाक्या व नळ यांच्याकडे लक्ष देणारी काही एक व्यवस्था महाराष्ट्रात आहे. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, ओटी टेस्ट घेतो, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवितो. आरोग्य विभागाचे कर्मचारी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सार्वजनिक स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतात आणि जोखीम पाहून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देतात. या व्यवस्थेत उणिवा असतील, परंतु व्यवस्था आहे.

मळ्यातील खासगी विहिरीच्या बाबतीत तसे काही नाही. ती मालकाची, आणि तिच्या पाण्याची जबाबदारीही मालकाचीच. कोणी येऊन नमुना नेत नाही, कोणी कार्ड देत नाही. गावाला हिरवे कार्ड मिळाले म्हणजे वस्तीवरची आपली विहीर स्वच्छ ठरली, असा समज कोणी करून घेऊ नये. हीच गोष्ट बोअरवेलची. बोअरवेल खोल असते म्हणून ती सुरक्षित असते, असे पुष्कळांस वाटते. परंतु तिचा केसिंग पाइप वरच्या सैल थरापुरता पुरेसा उतरविला नसेल, किंवा तोंडाशी पाणी साचत असेल, तर वरची घाण थेट खाली उतरते.

शिवाय टंचाईच्या दिवसांत एक वेगळाच प्रकार घडतो. टँकरने आणलेले पाणी विहिरीत ओतले जाते आणि तेथून ते शेंदून घेतले जाते. कोठे नदीवरून पाइपलाइन करून विहीर भरून घेतली जाते. अशा वेळी आपल्या विहिरीत आहे ते पाणी आपल्या जमिनीचे नसतेच. ते दुसऱ्याच ठिकाणचे गुणदोष घेऊन आलेले असते.

काळा पाषाण पाणी गाळीत नाही

जमिनीतून झिरपत आलेले पाणी आपोआप शुद्ध होते, हा समज अगदीच निराधार नाही. वाळूच्या जाड थरातून हळूहळू उतरणारे पाणी बऱ्याच अंशी गाळले जाते, आणि रोगजंतू वाटेत अडकतात वा मरतात. परंतु आपल्या पायाखाली वाळू नाही. आंबेगाव, जुन्नर, किंबहुना पुणे जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरुमाच्या थरात आणि त्याखालील भेगा व सांध्यांत. मुरुमाचा थर जाड असेल तर काही गाळणी होते. तो पातळ असेल तर पाणी भेगेत शिरते आणि नळातून वाहावे तसे धावत जाते. भेग गाळणीचे काम करीत नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की शौचालयाचा खड्डा, गोठा वा उकिरडा विहिरीपासून निदान १५ मीटर तरी दूर असावा, हा सर्वसाधारण नियम पाळावा. पण खडकाळ भागात एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. भेगेची दिशा विहिरीकडे असेल तर त्याहून अधिक अंतरावरूनही घाण येऊ शकते. दुसरा निष्कर्ष असा की शेजारच्या विहिरीचा अहवाल आपल्या विहिरीस लागू पडत नाही. दोन विहिरींमध्ये केवळ एक बांध असला तरी त्यांना पाणी पुरविणाऱ्या भेगा वेगळ्या असू शकतात. प्रत्येक विहिरीची तपासणी स्वतंत्रपणेच व्हावी लागते.

नारूचा धडा आणि अलीकडच्या दोन घटना

विहीर आणि रोग यांचे नाते महाराष्ट्राच्या जुन्या पिढीस नव्याने सांगण्याची गरज नाही. नारू हा शब्द त्यांना ठाऊक आहे. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरून पाणी भरीत. ज्याच्या पायातून नारूचा जंत बाहेर पडत असे त्याचे पाऊल पाण्यात पडले की जंताची पिल्ले पाण्यात जात, तेथील सूक्ष्म जीवांच्या पोटात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात शिरत. या रोगावर लस नव्हती व खात्रीचे औषधही नव्हते. तरी तो देशातून गेला. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर शेंदण्याच्या विहिरींत करणे, पाणी फडक्याने गाळून पिणे, पाण्यातील सूक्ष्म जीव मारणारे द्रव्य टाकणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, एवढ्याच साध्या उपायांवर ती चालली. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. केवळ विहिरींची निगा राखून एक रोग हद्दपार होऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

परंतु विहिरीतून पसरणारे अन्य रोग गेलेले नाहीत. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने कॉलऱ्याची साथ पसरली. अनेक ग्रामस्थांना रुग्णालयात हलवावे लागले आणि काहींना प्राण गमवावे लागले. वीजबिल थकल्यामुळे पाणीपुरवठा योजनेचा वीजपुरवठा तोडलेला होता, म्हणून लोक त्या विहिरीकडे वळले होते. नळ बंद पडला की विहीर आठवते. पण तिची तपासणी मात्र त्याआधी कोणी केलेली नसते.

दुसरी घटना पुण्याच्या अगदी लगतची. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. पुढील काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित अन्न वा पाण्यातून तो पोटात जातो. आधी जुलाब होतात आणि मग क्वचित प्रसंगी शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. संशयाची सुई नांदेड गावातील त्या विहिरीकडे वळली जिच्यातून आसपासच्या वस्त्यांना पाणी जात होते. मोठ्या शहराच्या सीमेवर, रुग्णालये व प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर असताना हे घडले. मळ्यातील एखाद्या विहिरीमुळे दोन-तीन मुले आजारी पडली तर त्याचे वृत्तही कोठे छापून येणार नाही.

तपासणी दोन प्रकारची

पाण्याची तपासणी म्हणजे एकच चाचणी नव्हे. तिचे दोन स्वतंत्र भाग आहेत आणि दोन्हींसाठी नमुनाही वेगळा घ्यावा लागतो.

पहिली अणुजैविक तपासणी. प्रयोगशाळा पाण्यातील प्रत्येक रोगजंतू शोधीत बसत नाही; तसे करणे शक्यही नाही. ती कोलिफॉर्म गटातील जिवाणू आणि विशेषतः ई. कोलाय शोधते. हा जिवाणू माणसाच्या व जनावरांच्या आतड्यांत राहतो. तो पाण्यात सापडला, तर त्याचा अर्थ एकच : विष्ठेचा अंश पाण्यापर्यंत पोहोचला आहे. आज ई. कोलाय आला, त्याच वाटेने उद्या विषमज्वराचे, काविळीचे वा कॉलऱ्याचे जंतू येऊ शकतात. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये. येथे 'थोडेसे चालेल' असे काही नाही.

दुसरी रासायनिक तपासणी. यात मानक दोन मर्यादा देते : एक स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरी, अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास जेथवर पाणी वापरता येईल ती. अहवालातील प्रमुख बाबी पुढीलप्रमाणे वाचाव्यात.

पीएच : ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा.

एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस : स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, पर्याय नसल्यास २,०००. पाणी मचूळ लागते ते बहुधा यामुळे.

काठिण्य : २०० आणि ६००. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरे किटण धरते, ही जड पाण्याची लक्षणे. ते गैरसोयीचे असते, परंतु सामान्यतः घातक नसते.

क्लोराइड : २५० आणि १,०००. वसईसारख्या किनारपट्टीवर ही बाब सर्वांत महत्त्वाची, कारण विहिरींचा उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते. वसईच्या बागायती पट्ट्यात पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी बावखले बुजविली जाऊ लागली तेव्हा तेथील जाणत्यांनी जी चिंता व्यक्त केली, ती यासाठीच. लोणीस समुद्र नाही; येथे क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही एकदम वाढलेले दिसले, तर सांडपाणी विहिरीत झिरपत असल्याचा संशय घ्यावा.

फ्लोराइड : १.० आणि १.५. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत हा गंभीर प्रश्न आहे. दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्यास हाडे व सांधे जखडतात. आपल्याकडे निदान एकदा तरी ही चाचणी करून घ्यावी, विशेषतः बोअरवेल खोल असल्यास.

नायट्रेट : ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. येथे दुसरी, सवलतीची मर्यादा नाही.

नायट्रेटविषयी थोडे अधिक

बागायती भागातील वाचकांनी या एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांस आवर्जून सांगावेसे वाटते. कांदा, बटाटा, ऊस, टोमॅटो ही जुन्नर-आंबेगावची पिके. त्यांना नत्रयुक्त खत भरपूर दिले जाते. पिकाने जेवढे नत्र घेतले नाही, ते नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली उतरते. शेणाचा उकिरडा व शौचालयाचा खड्डा यांतूनही तेच उतरते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात देशभरातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त होते.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी स्फटिकासारखे नितळ असते. सर्वांत मोठा धोका असतो तो सहा महिन्यांखालील बालकांना. त्यांच्या शरीरात नायट्रेटचे रूपांतर होऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. ओठ व नखे निळसर पडतात. १९४५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात हंटर कोमली या डॉक्टरांनी शेतावरील खासगी विहिरींच्या पाण्याशी या आजाराचा संबंध प्रथम दाखवून दिला. त्या बालकांना विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध दिले जात होते. जे बालक केवळ आईच्या दुधावर असते, त्यास हा धोका जवळजवळ नसतो. परंतु ज्याला वरचे दूध वा पावडरचे दूध द्यावे लागते, त्याच्या घरची विहीर तपासलेली असलीच पाहिजे.

आणि येथे एक अत्यंत महत्त्वाची सूचना. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. बाळासाठी म्हणून पाणी काळजीपूर्वक अर्धे होईपर्यंत आटविणारी माता नकळत त्याला अधिक तीव्र नायट्रेट पाजीत असते. तुरटी फिरविल्याने वा फडक्याने गाळल्यानेही ते जात नाही. आरओ यंत्राने ते बऱ्याच प्रमाणात निघते. पण यंत्राची देखभाल झाली नाही तर त्याचाही भरवसा नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बालकासाठी दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचे पाणी आणणे.

केव्हा तपासावे?

अणुजैविक तपासणी वर्षातून दोनदा करावी : एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळा सुरू झाल्यावर किंवा सरल्यावर. पहिल्या पावसाचे नवे पाणी जमिनीवरची सर्व घाण घेऊन विहिरीत उतरते; म्हणून जून-जुलै हे सर्वांत जोखमीचे महिने. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा पुरते. ती उन्हाळ्याच्या अखेरीस केल्यास पाणी कमी असताना क्षार किती वाढतात ते कळते.

याशिवाय पुढील प्रसंगी वेळापत्रकाची वाट पाहू नये : घरात बाळ येणार असेल, एकाच घरातील अनेकांना जुलाब वा कावीळ झाली असेल, विहीर नव्याने खोदली, खोल केली वा गाळ काढला असेल, पुराचे पाणी आत शिरले असेल, टँकरचे पाणी ओतले असेल, किंवा पाण्याचा रंग, वास, चव एकाएकी बदलली असेल.

नमुना कसा घ्यावा?

चुकीच्या पद्धतीने घेतलेला नमुना तपासणे म्हणजे श्रम व पैसा दोन्ही वाया घालविणे होय. म्हणून हा भाग वाचकांनी लक्षपूर्वक वाचावा.

अणुजैविक नमुन्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी. ती आतून धुऊ नये, तिच्या तोंडास वा झाकणाच्या आतल्या बाजूस बोट लावू नये. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. पंपाच्या तोटीतून नमुना घ्यावयाचा असल्यास तोटी पुसून पाणी काही मिनिटे वाहू द्यावे, मग बाटली धरावी. उघड्या विहिरीतून घ्यावयाचा असल्यास बाटलीला स्वच्छ दोरी व वजन बांधून ती पाण्याच्या पृष्ठभागाखाली साधारण फूटभर बुडवावी. विहिरीच्या कडेला ती घासू देऊ नये. नेहमीच्या पोहऱ्यातले पाणी बाटलीत ओतू नये, कारण मग तपासणी पोहऱ्याची होते, विहिरीची नव्हे. बाटलीत वर थोडी जागा मोकळी ठेवावी. झाकण घट्ट लावून ती बर्फ असलेल्या डब्यात ठेवावी आणि शक्य तर ६ तासांच्या आत, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. म्हणून आदल्या दिवशी प्रयोगशाळेत विचारून, सकाळी नमुना घेऊन निघणे उत्तम.

विहिरीत नुकतीच टीसीएल पावडर टाकलेली असल्यास नमुना घेऊ नये. क्लोरीन पूर्णपणे निघून गेल्यावर, काही दिवसांनी घ्यावा; अन्यथा अहवाल चांगला येईल, पण तो पावडरचा गुण असेल.

रासायनिक नमुन्यासाठी प्लॅस्टिकचा स्वच्छ कॅन चालतो. किती पाणी लागेल ते प्रयोगशाळा सांगते. बहुधा एक ते दोन लिटर पुरते. कॅन त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावा. औषधाचा, रॉकेलचा वा खताचा जुना कॅन कधीही वापरू नये. दोन्ही नमुन्यांवर मालकाचे नाव, विहिरीचे ठिकाण, तारीख, वेळ व विहिरीची खोली लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

नमुना कोठे द्यावा?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्हा व उपविभागीय स्तरावर आहेत. पुणे येथे राज्य आरोग्य प्रयोगशाळाही आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनखाली शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळा सर्वसामान्य नागरिकांसाठी नाममात्र शुल्कात खुल्या करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. आंबेगावच्या रहिवाशांनी घोडेगाव येथील पंचायत समितीत, अथवा आपल्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विचारणा केल्यास जवळच्या प्रयोगशाळेची माहिती मिळू शकेल.

याच मिशनखाली गावोगावी महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्यात आले आहे. या संचाने पीएच, काठिण्य, क्लोराइड, नायट्रेट यांचा प्राथमिक अंदाज गावातच घेता येतो. जंतूंसाठी एच-टू-एस बाटली मिळते. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली ही साधी युक्ती आज अनेक देशांत वापरली जाते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती खोलीच्या उबेत ठेवावयाची. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले तर दूषिततेची दाट शक्यता समजावी. ही चाचणी इशारा देते, निकाल नव्हे. काळे पडले तर पाणी पिणे थांबवून प्रयोगशाळेकडे जावे. काळे पडले नाही म्हणून वार्षिक तपासणी टाळू नये.

अहवाल वाईट आला तर?

घाबरून जाऊन विहीर सोडण्याची गरज नसते. जंतू आढळले असतील तर त्याच दिवसापासून पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले तरी पुरते. आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील सूचनेप्रमाणे वापरता येते.

त्यानंतर विहिरीचे निर्जंतुकीकरण. आधी पाणी किती आहे ते काढावे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्यास त्याच संख्येने गुणावे, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ०.७८५ ने गुणावे. आलेल्या घनमीटरला १,००० ने गुणले की लिटर मिळतात. समजा, विहिरीचा व्यास ६ मीटर व पाणी ३ मीटर आहे. ६ × ६ × ३ × ०.७८५ म्हणजे सुमारे ८५ घनमीटर, अर्थात ८५,००० लिटर. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात घेतल्यास सुमारे २१० ग्रॅम लागेल. पाणी गढूळ वा फार दूषित असल्यास दुप्पट. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी आणि बादली वरखाली करून पाणी ढवळावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. तासाभराने ओटी टेस्ट वा क्लोरोस्कोपने पाहावे. लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. न दिसल्यास पावडर अपुरी पडली किंवा जुनी आहे. ओलसर जागी उघडी पडलेली पावडर निकामी होते, हे ध्यानात ठेवावे.

परंतु पावडर हा तात्पुरता उपाय आहे. घाण येण्याची वाट बंद केली नाही, तर आठवड्याभरात जंतू परत येतील. म्हणून विहिरीला पक्का कठडा व भोवती बाहेर उतार असलेला ओटा असावा. पावसाचे पाणी आत न येता चरातून दूर जावे. वर जाळी असावी. झाडाचा पालापाचोळा, निर्माल्य, मेलेले पक्षी आत पडू नयेत. काठावर कपडे, जनावरे किंवा फवारणीचा पंप कधीही धुऊ नये. ठिबकमधून खत सोडताना मध्येच वीज गेली तर खतमिश्रित पाणी उलटे विहिरीत येऊ शकते; त्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. उकिरडा उताराच्या खालच्या बाजूस हलवावा. नायट्रेट वाढले असल्यास माती परीक्षण करून खत बेताने, हप्त्याहप्त्याने द्यावे. खर्च वाचतो आणि पाणीही सुधारते, मात्र त्यास काही वर्षे लागतात.

एकट्याने नव्हे, एकत्र

एका कुटुंबाने एक बाटली घेऊन पुण्यास जाणे खर्चाचे व त्रासाचे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु दहा कुटुंबांनी एकाच सकाळी नमुने घेऊन, एका गाडीत बर्फाच्या एका डब्यात ते पाठविले, तर प्रत्येकाच्या वाट्यास फारच थोडा भार येतो. हे काम धर्मग्रामातील महिला मंडळ, युवक गट अथवा लघु ख्रिस्ती समूह सहज करू शकेल. अर्थात नमुने गावातील सर्वांचे घ्यावेत, केवळ आपल्याच लोकांचे नव्हेत, कारण भूजलाला शेजारपाजाराच्या भिंती ठाऊक नसतात. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांचा भार विन्सेंट डी पॉल संस्थेसारख्या मंडळाने उचलावा. चर्चच्या आवारातील विहीर, शाळेची बोअरवेल व वसतिगृहाची टाकी यांची तपासणी तर सर्वांआधी व्हावी. तेथे दुसऱ्यांची मुले आपल्या विश्वासावर पाणी पितात.

शेवटी एक छोटी सूचना. प्रत्येक विहिरीसाठी एक वही ठेवावी. तीत तपासणीची तारीख, अहवालातील आकडे, पावडर टाकल्याचा दिवस, गाळ काढल्याचे साल यांची नोंद असावी. एका अहवालातून आजचे पाणी कळते; पाच वर्षांच्या नोंदींतून विहीर कोणत्या दिशेने चालली आहे ते कळते. नायट्रेट २० वरून ३० वर आणि ३० वरून ४० वर जात असेल, तर ते ४५ ओलांडण्यापूर्वीच उपाय करता येतो. आपल्या वडिलांनी आपल्यासाठी विहीर खोदून ठेवली. आपण आपल्या मुलांसाठी विहिरीबरोबर ही वहीही ठेवावी.